स्टेलॅरियम: सूर्यमाला चाललीय कुठे, हे किनाऱ्यावरून दाखवताना

आकाशदर्शनाला आलेल्यांना गुरू-शनी दाखवणं सोपं. 'आपली अख्खी सूर्यमालाच पळतेय म्हणतात, ती कुठल्या बाजूला?' या प्रश्नाला बोट कुठे करायचं, हे अवघड. संगणकावर आकाश दाखवणारा स्टेलॅरियम हा प्रोग्राम आहे. तो या एका कामाला किती उपयोगी पडतो, एवढंच इथे तपासलं आहे. तो फुकट आणि मुक्तस्रोत आहे, आणि एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी अडत नाही.

आधी मांडणी. एफ६ दाबून ठिकाण भरा: रत्नागिरीसाठी १७ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्व. भारतीय प्रमाणवेळ निवडली आहे ना, ते पाहाच. ग्रिनिचची वेळ राहिली तर आकाश साडेपाच तासांनी चुकतं. सुरुवातीच्या देखाव्यातली झाडं क्षितिज झाकतात, म्हणून 'ओशन' हा देखावा घ्या. मग एफ४ मध्ये खुणांच्या पानावर क्रांतिवृत्त (पृथ्वीच्या कक्षेची पातळी, बाकीचे ग्रहही जवळपास तिच्यातच फिरतात) आणि आकाशगंगेचं विषुववृत्त (आकाशगंगेच्या तबकडीची मधली रेषा) या दोन्ही रेषा चालू करा.

आता तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, वेळ संध्याकाळी सव्वासात. नैर्ऋत्येला समुद्रावर सुमारे २० अंश उंचीवर धनु राशीत आकाशगंगेचं केंद्र येतं, आपल्यापासून साधारण २६,००० प्रकाशवर्षं दूर. तिथून आकाशगंगेची रेषा धरून ९० अंश वर सरका, की उत्तरेला उंचावर हंस तारकासमूह, त्यातल्या डेनेब ताऱ्याजवळ. हीच आपली दिशा. केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किमी वेगाने सूर्य तिकडे चालला आहे, आणि एक फेरी २२-२३ कोटी वर्षांची. केंद्र आणि दिशा एकाच वेळी दिसतात, म्हणून हा आठवडा सोडू नये. नऊच्या सुमारास केंद्र मावळतं.

काही पुस्तकांत सूर्य अभिजित ताऱ्याकडे (तिथे 'व्हेगा') चालल्याचं लिहिलेलं असतं. तेही बरोबर आहे, पण तो वेग वेगळा. ओहोटीबरोबर सगळ्या होड्या खाडीबाहेर निघतात आणि त्यातली एखादी हळूहळू कडेला सरकते, तसा सूर्य शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे २० किमी वेगाने अभिजितपासून दहाबारा अंशांवरच्या बिंदूकडे सरकतो. श्रोत्यांना दोन्ही दिशा दाखवा, नाहीतर गोंधळ होतो.

सुरुवातीला चालू केलेल्या क्रांतिवृत्त आणि आकाशगंगेचं विषुववृत्त या दोन रेषांमधला कोन सुमारे ६० अंशांचा आहे. सूर्य पुढे आणि ग्रह शेपटीसारखे मागे, असे व्हिडिओ फिरत असतात. ते खोडून काढायला एवढा कोन पुरतो. कक्षांची पातळी प्रवासाच्या दिशेला काटकोनात नाही, त्यामुळे प्रत्येक ग्रह फेरीत कधी सूर्याच्या पुढे, कधी मागे असतो.

ताऱ्यांची सरक दाखवायला एफ३ ने स्वाती (तिथे 'आर्कट्यूरस') शोधा, स्पेस दाबून मध्यभागी आणा आणि एफ५ मध्ये वर्ष १०,००० ने वाढवा. स्वाती शेजारच्या ताऱ्यांना सोडून सहा अंशांहून जास्त कन्येकडे सरकलेला दिसतो. केंद्राभोवती त्याचा वेग आपल्याहून बराच कमी, म्हणून तो मागे पडतो. इथे हमखास घोळ होतो: वर्ष बदललं की सगळं आकाशच फिरल्यासारखं दिसतं. ती पृथ्वीच्या अक्षाची सुमारे २६,००० वर्षांची परांचन गती, म्हणजे भोवऱ्यासारखं डुलणं, सूर्याच्या प्रवासाशी तिचा संबंध नाही. ताऱ्यांची आपसातली अंतरं बदलली का, तेवढंच पाहायला सांगा.

उणीव मोठी आहे. तारीख साधारण एक लाख वर्षांपलीकडे जात नाही, आणि तेवढ्यात सूर्य केंद्राभोवती जेमतेम ०.१६ अंश पुढे जातो. फेरी म्हणून काही दिसतच नाही. आकाशगंगेबाहेर जाऊन बघायचं तर गाइया स्काय हा दुसरा प्रोग्राम घ्या, तोही फुकट, पण त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं.

किनारा निवडताना नैर्ऋत्येला सुरूचं बन आडवं येत नाही ना, ते दिवसाच पाहून ठेवा. एलईडी मासेमारीच्या बोटी त्या बाजूला असल्या तर २० अंशांवरचं काही दिसणार नाही. अशा वेळी पडद्यावरच भागवा. एसी खोलीतून लॅपटॉप थेट वाळूत नेला तर दमट हवेने त्यावर पाणी धरतं. अर्धा तास पिशवीतच राहू द्या, मग उघडा. कंट्रोल आणि एन दाबून पडदा लाल करा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.