अंगणात शहाबाद, जांभा की काळा दगड?

घरापुढची पायवाट, मागचं धुण्याभांड्याचं अंगण, तुळशीभोवतीचा कट्टा आणि गाडी लावायची जागा, या सगळ्यांना एकच दगड हवा हा हट्ट सोडला की घरातलं निम्मं भांडण मिटतं. उरलेल्या निम्म्यासाठी हा आढावा.

पुण्यात दगड बघत हिंडलं की माणूस फिरून फिरून तीनच नावांपाशी येतो: शहाबाद, जांभा आणि आपला काळा दगड. कोटा मधेमधे डोकावतो, पण पॉलिश केलेला कोटा पावसात उघड्यावर कसा वागतो ते ज्यांच्या सोसायटीचा जिना उघडा आहे त्यांना सांगायला नको. ग्रॅनाइट पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, फक्त अंगण बँकेच्या पायरीसारखं दिसायला लागतं. ढोलपुरी वालुकाश्माचा रंग मोहक खरा, पण तो पाणी पितो आणि झाडाखाली काळवंडतो. तेव्हा तिघांबद्दलच बोलू.

आमच्याकडे मागच्या दारी वडिलांनी घातलेली शहाबादी फरशी आहे, पुढच्या वाटेला मी काळा दगड लावून घेतला आणि वाफ्यांच्या कडेला जांभ्याचे चिरे आहेत. बायकोचं माहेर चिपळूणकडचं, त्यामुळे जांभा अंगणात यायच्या आधी बोलण्यात येऊन गेला होता. एकाच उन्हात, एकाच पावसात तिन्ही रोज पायाखाली येतात. मोजमाप काही केलेलं नाही, जे दिसलं ते सांगतो.

शहाबादीबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते लागतं. तिथला चुनखडीचा दगड जमिनीत थरांनीच असतो. छिन्नी घातली की थर सुटतो, म्हणून फरशीला तो किंचित लाटांचा, पायाला गोड लागणारा पृष्ठभाग आयता मिळतो. तांदूरची फरशी याच कुळातली, फक्त तेलंगणातली. जुन्या पुण्यातल्या वाड्यांच्या चौकांत आणि चाळींच्या गॅलऱ्यांत शहाबादी असायची ती काही उगाच नाही. भर मे महिन्यात संध्याकाळी पाण्याची बादली ओतली की ती लगेच निवते. आमची आई अजूनही तिथेच सतरंजी टाकून बसते. लावायला कुठलाही गवंडी चालतो आणि तिघांत खिशाला हलकीही हीच. फरशीची जाडी कमीजास्त असते, तेव्हा खाली माल भरताना गवंड्याचा हात समजूतदार हवा. काही फरशांचे पापुद्रेही निघतात. हे सगळं चालवून घेता येतं.

माझ्या मनात काटा फिरला तो शेवाळामुळे, म्हणजे ते काढण्याच्या पद्धतीमुळे. सावलीत आणि ओलीत शेवाळ तिन्ही दगडांवर धरतं, त्यात कुणाचा विशेष अपराध नाही. पण श्रावण लागला, मागचं अंगण हिरवं झालं, एखादा पाहुणा घसरता घसरता वाचला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘जरा ऍसिड टाका की.’ गल्लीत फिनेल-ऍसिडवाला येतोच. कामाला येणाऱ्या मावशींना ते सोपं पडतं, कारण खराटा घासून कंबर मोडण्यापेक्षा बाटली ओतली की काम झालं. ओतल्याबरोबर पांढरा फेस येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की घाण निघतेय. प्रत्यक्षात फरशीच विरघळत असते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. त्या दिवशी अंगण लख्ख दिसतं. मात्र वरची गुळगुळीत पातळी खाल्ली गेलेली असते, बारीक खळगे पडलेले असतात, आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळाला तिथे मूळ धरायला आधीपेक्षा चांगली जागा मिळते. म्हणजे पुन्हा बाटली. आमच्या मागच्या दाराशी, मोरीजवळच्या फरशा हात फिरवला तरी सांगतात की त्यांच्यावर काय काय ओतलं गेलंय. लिंबाच्या झाडाखाली गळून कुजलेल्या लिंबांचेही फिकट डाग पडलेत, तेही याच कारणाने.

यावर उपाय नाही असं नाही. खराटा, पाणी, थोडा साबणाचा चुरा आणि दर आठवड्याला घासणारं कुणीतरी असलं की शहाबादी छान राहते. ब्लीचिंग पावडर दगडाला ऍसिडइतकी जाचत नाही, पण ते पाणी वाफ्यात गेलं की झाडं माना टाकतात. (पावडर आणि ऍसिड एकत्र तर चुकूनही करू नका, क्लोरीन वायू सुटतो.) घरात हे पथ्य पाळलं जाणार असेल तर माझी तक्रार तुम्हाला लागूही होणार नाही. आमच्याकडे पाळलं जात नाही. मी सांगतो, सगळे मान डोलावतात, आणि मी ऑफिसला गेलो की फेस येतो.

जांभ्याचं जरा आटोपतं घेतो. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा हा सच्छिद्र दगड खाणीत मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. तो पुण्याला अगदी परका नाही, पाचगणीचं टेबललँड त्याचंच आहे. पण आपल्याकडे येतात ते बहुतेक कोकणातले चिरे. दिसायला तिघांत हाच देखणा, हिरवळीच्या कडेला तर फारच. चालायच्या वाटेला मात्र मी सुचवणार नाही. कडा ठिसूळ असतात, गाडीचं चाक चढलं की कोपरा गेला. पहिल्या पावसात तांबडे ओघळ येतात आणि मागची भिंत पांढरी असेल तर ते शिंतोडे वर्षभर बघावे लागतात. पुण्याच्या चौपट पाऊस झेलणाऱ्या कोकणात जांभा काळा पडतो, आणि सासरच्या मंडळींना त्यात काही वावगं वाटत नाही. दगड असाच असायचा. पुण्यात आपण तो लाल राहावा म्हणून आणतो, तिथे गोची होते. बसायचा कट्टा, वाफ्याची कड, बुटकी भिंत, यांना बिनधास्त लावा.

आता काळा दगड. याच्यासाठी लांब जायला नको, पुणं बसलंय तेच त्याच्यावर. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा बेसाल्ट झाला. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग त्याचाच, पाताळेश्वराची लेणी त्यातच कोरलेली. 1828 च्या आगीत वाड्याच्या आतलं लाकडी काम गेलं, जोती अजून आहेत. या दगडात चुनखडी नाही, सिलिकेट खनिजं आहेत. त्यामुळे मावशींनी मागच्या दारची बाटली पुढच्या दारी आणलीच तरी दगड ढिम्म. सांध्यातलं सिमेंट तेवढं खातं, म्हणून आम्ही वाटेच्या सांध्यांत सिमेंट न भरता बारीक कच भरली आणि बाकीचं काम गवतावर सोडलं. शेवाळ येतं, नाही कशाला म्हणू, पण टाकी (दगड घडवायची छिन्नी) मारलेल्या खडबडीत पृष्ठभागावर पाय धरतो. पागोळ्या गळत असताना आई एकटी फाटकापर्यंत जाते, मागच्या दारी मात्र हात धरावा लागतो. माझ्या लेखी तराजू इथेच झुकला.

त्याचे तोटे झाकून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेवून दाखवा, टुणकन उडी माराल. लहान मुलं अंगणात अनवाणी खेळणार असतील आणि सावली नसेल तर हा विचार गंभीरपणे करा. वजनही भारी आहे. एक चौरस फूट, दोन इंच जाडीचा तुकडा 13-14 किलोंचा भरतो, इंचभर शहाबादी साधारण सहा किलोंची. एकदा बसवला की ‘जरा इकडे सरकवू या’ म्हणता येत नाही. दगड स्वतः महाग नाही, पैसे जातात ते घडणावळीत. हाताने टाकी मारणारे पाथरवट कमी होत चाललेत आणि ते त्यांचं मोल घेतात, घ्यायलाच हवं. मशीनचं बुश हॅमर काम (दातेरी हातोड्याने पृष्ठभाग खडबडीत करणं) स्वस्तात होतं, सगळीकडे एकसारखं दिसतं, चालायलाही बरं. मला हाताचं आवडतं, पण तो आवडीचा भाग झाला.

निवडताना एक मात्र बघा. वाघोली-मोशीकडच्या खाणींत एकाच कड्यात घट्ट दगडही असतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचाही. ते ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत भरलेली खनिजं. वाघोलीच्या अशाच पोकळ्यांतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, पण अंगणात ठिपक्यांचा दगड नको. ठिपका झिजून निघतो, खड्डा राहतो, खड्ड्यात पाणी. हातोडीने वाजवून पाहा, घट्ट दगड खणखणतो आणि भेगाळलेला बद्द आवाज देतो. शिवाय काळ्या दगडाच्या नावाखाली कडप्पा मिळण्याची शक्यता असते, आणि तो पुन्हा चुनखडीच. दुकानात लिंबू घेऊन जा, पिळून थोडा वेळ थांबा, पुसल्यावर डाग निस्तेज दिसला तर ओळखा.

अनवाणी वावर जास्त, सावली कमी आणि घासायला माणूस असेल तर शहाबादी घ्या, सुखात राहाल. घरात म्हातारं माणूस असेल, वाट उघड्यावर असेल आणि साफसफाई दुसऱ्याच्या हाती असेल तर मी काळ्या दगडाकडे बोट दाखवीन. दोन्ही ठिकाणी खालचा मुरूम नीट धुम्मस करून घ्या, विशेषतः काळी माती असेल तर, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. दहा फुटांना दीड इंच उतार पुरतो. आणि पाथरवटाला आधीच सांगून ठेवा की टाकीच्या रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. न सांगितल्यास तो दगडाच्या लांबीने मारतो, आणि मग पावलाला अडायला काही उरत नाही.