28 इंची काठी आणि तात्यांची विहीर: आठ महिन्यांनंतर

परवा माझ्या मासे पकडायच्या काठीच्या टोकाची कडी तिसऱ्यांदा निघाली आणि थेट विहिरीत पडली. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

गळ टाकणं मला नवं नाही. लहानपणी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी) आणि मोरपिसाच्या देठाचं बूच एवढ्यावर सुट्ट्या काढल्यात. मग नोकरी, भुसावळची भाड्याची खोली, पोरांच्या फिया. सोळा वर्षं गळाला हात लावला नाही. मागच्या ऑक्टोबरात पाऊस गेला, हतनूर धरणाचं पाणी निवळायला लागलं आणि खाज पुन्हा सुटली.

ऑनलाइन स्वस्तात काठी-रीलचा जोड दिसला, 1150 रुपये. फोटोत कानटोपीवाला दाढीवाला गडी हातभर मासा धरून उभा. नावात 'आईस' होतं, मला वाटलं कंपनीचं नाव असेल. लांबी लिहिली होती, पण ती वाचतो कोण? पार्सल आलं ते लाटण्याएवढं. बायको म्हणाली, "वरण घोटायला आणलं का?"

ही काठी गोठलेल्या तळ्यावर वापरायची. तिकडचे लोक बर्फाला भोक पाडतात, त्याच्याच काठाला स्टूल टाकून बसतात आणि गळ सरळ खाली सोडतात. लांब फेकायचं नसतं, म्हणून काठी आखूड. थंडीत मासा सुस्त असतो, हळूच चघळतो, म्हणून शेंडा अगदी नाजूक. आमच्याकडे बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर. पण परत पाठवायचे 90 रुपये कापणार होते. नव्वद रुपये मी कोणालाही असे सोडत नाही. ठेवली.

हतनूरच्या फुगवट्यावर पहिला दिवस निव्वळ फजितीचा. (ठेका मच्छीमार सोसायटीचा आहे, आधी विचारूनच बसलो. तुम्हीही विचारा.) 28 इंची काठीने गळ जेमतेम पंधरा फूट जाई, तोही लव्हाळ्यात. शेजारचा पोरगा सात फुटी काठीने मधल्या धारेला गळ टाकत होता. मला म्हणाला, "काका, बाकीची काठी घरी राहिली का?" त्या रात्री मी ऑनलाइन काठीला एक तारा देऊन मोकळा झालो होतो.

तो तारा मागे घेतो.

डिसेंबरात तात्यांच्या मळ्यात गेलो. रावेर-यावलकडच्या कितीतरी जुन्या विहिरींनी तळ दाखवलाय, सगळा भार बोअरवर आलाय. तात्यांचा मळा नदीकडे, म्हणून विहिरीला पाणी टिकून आहे आणि त्यात चिलापी माजलीय. कठड्यावर बसलो, काठी सोबत होतीच. विहीर म्हणजे बर्फातलं भोकच की! लांब काठी तिथे चालतच नाही, मागे केळीच्या पानांत अडकते. ही आखूड काठी मांडीवर ठेवायची, गळाला गांडूळ लावून सोडून द्यायचं. चिलापीने नुसतं तोंड लावलं तरी शेंडा थरथरतो. सोळा वर्षांपूर्वी बूच बुडायची वाट बघायचो. इथे बूच लागतच नाही. पहिल्या तासात नऊ मासे. जानेवारीपर्यंत मी या काठीचा भक्त झालो होतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सोबत आलेला तंगूस चार पौंडी, म्हणजे पावणेदोन-एक किलोचा ताण सोसणारा. बर्फावर मासा भोकातून वर आला की हातातच. आमच्याकडे पाणी हिवाळ्यात वीस फूट खाली, मे महिन्यात चाळीस. पाण्यात मासा हलका लागतो, बाहेर निघाला की सगळं वजन दोरीवर, वरून तो फडफडतो. दीड किलोची मरळ अर्ध्या वाटेत दोरी तोडून गेली. आता रीलचा ड्रॅग (जास्त ताण आला की दोरी सुटू देणारा ब्रेक) हातकाट्याला लावून अर्ध्या किलोच्या आत ठेवतो. मोठा मासा लागला की दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून त्यातच घेतो.

दुसरं, लटकलेला मासा गरगर फिरतो आणि दोरीला पीळ बसतो. उभ्या गळाला हा त्रास बर्फावरही आहे, म्हणून तिकडचे बरेच जण दोरी सरळ गुंडाळणारं वेगळं रील घेतात. मी दोरीत वीस रुपयांची फिरकी (स्विव्हल) लावली, भागलं.

आता कडी. शेंड्याला सगळ्यात शेवटी जी बारकी कडी असते, जिच्यातून दोरी बाहेर पडते, ती. मार्चपर्यंत चकार शब्द नाही. एप्रिलात पहिल्यांदा निघाली, मी चिकटवली. मे महिन्यात पुन्हा. मग डोक्यात उजेड पडला. ही कडी गरम करून वितळवलेल्या डिंकाने बसवतात, म्हणजे बदलताना लायटरने तापवली की सुटते. बर्फात तो डिंक दगडासारखा राहत असेल. मी काठी ठेवतो तात्यांच्या पत्र्याच्या खोलीत, आणि भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या घरात. पत्र्याखाली काय होत असेल, हात लावून बघा.

कस्टमर केअरला फोन केला. पहिला प्रश्न, "सर, प्रॉडक्टला पाणी लागलं होतं का?" म्हटलं, भो, मासे पकडायची काठी आहे. दुसऱ्या बाईंनी फोटो मागितले, आठ फोटो पाठवले. तिसऱ्याने निकाल दिला: हे थंड हवेसाठीचं प्रॉडक्ट आहे, उन्हाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मग जळगाव जिल्ह्याचा पिनकोड टाकल्यावर विकलं कशाला? यावर "तुमची तक्रार पुढे पाठवली आहे." सव्वा महिना झाला, ती अजून पुढेच जातेय.

रील ठीक आहे. मूठ रबराची, घामाने चिकट होते.

परवा कडी पडली तेव्हा तात्या कठड्यावरच होते. म्हणाले, "दोन नळीचा इपॉक्सी लाव, मोटरच्या पाइपाला लावतो तो." पाच सुट्या कड्या 120 रुपयांना मागवल्यात, कारण एक सुटी कडी कोणी विकत नाही. त्यातली एक काल इपॉक्सीने बसवली आणि रात्रभर उलटी टांगून ठेवली. काठी पत्र्याच्या खोलीतून हलवून तात्यांच्या देवघरात ठेवलीय, तिथे गारवा असतो. काकूंना अजून सांगितलेलं नाही.