लाकडी ठोकळ्यांचा संच: दोन मुलांच्या घरातला अनुभव

साधे, बिनरंगी लाकडी ठोकळे. ना बटण, ना सेल, ना गाणी. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, आणि दोघांच्याही हातात दिवसभर हेच. मी हा संच मनापासून सुचवते. फक्त घेताना माप तपासून घ्या, कारण सगळी गंमत मापातच आहे.

अशा ठोकळ्यांची कल्पना कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेची. १९१४ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये शाळा सुरू केली, तिथे मुलं याच ठोकळ्यांनी खेळायची. मूळ ठोकळा ५.५ इंच लांब, २.७५ इंच रुंद आणि १.३७५ इंच जाड. म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. बाकीचे तुकडे याचेच अर्धे, दुप्पट, चौपट. माझ्या मुलीला अपूर्णांक म्हणजे काय ते माहीत नाही, पण लांब ठोकळे संपले की ती न बोलता दोन छोटे उचलते आणि जागा बरोबर भरते.

म्हणून विकत घेताना दोन अर्धे ठोकळे एका अख्ख्याला चिकटवून ठेवा आणि टोकावरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर तो संच घेऊ नका. मापात फरक असला की मनोरा चौथ्या-पाचव्या थरालाच डुगडुगतो. दोष सुताराचा असतो आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. याचा मला फार राग येतो.

परवा मुलीचा पूल होत नव्हता. दोन ठोकळे उभे केले होते, वरचा आडवा ठेवायला गेली की मधून खाली पडायचा. माझा हात पुढे जात होता, तो मी आवरला. तिने वरचा ठोकळा फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला, मग एक खांब बोटाने हळूच जवळ ढकलला. बसला! त्यानंतर तिने तोच खांब पुन्हा लांब सरकवून पूल मुद्दाम पाडला. आणि परत बांधला. मला ते पाडणंच जास्त मोलाचं वाटलं. पूल कशामुळे पडतो, हे तिला स्वतः बघायचं होतं.

धाकटा अजून काही बांधत नाही. ठोकळे बादलीत भरतो, दुसऱ्या खोलीत नेतो, ओततो. घरी येणारे विचारतात, ‘हा काही बनवत नाही का?’ हॅरिएट जॉन्सन या अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञांनी १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे मांडले, त्यात पहिला टप्पा हाच आहे: नुसतं उचलून इकडून तिकडे नेणं. मग रांगा आणि मनोरे, मग पूल, मग चारी बाजूंनी बंद आवार, मग नक्षी. आपण काय बांधलंय त्याला नाव देणं त्याच्याही पुढे. त्याला घाई करायची काही गरज नाही.

भांडणं होतात. ताईने बांधायचं आणि याने पाडायचं. त्यावर उपाय तिनेच काढला: आता ती एक मनोरा खास त्याच्यासाठी उभारते आणि ‘हं, पाड!’ म्हणते. तिचं खरं घर तोवर पलंगामागे सुरक्षित असतं.

तक्रारीही आहेत. आमच्या संचात कमानी आणि त्रिकोण गरजेपेक्षा जास्त, साधे अख्खे ठोकळे फारच कमी. दोन-तीन ठोकळ्यांच्या कडा खरखरीत निघाल्या, त्या मी पॉलिश पेपरने घासून घेतल्या. सोबतची चित्रांची पुस्तिका मी उचलून ठेवली, कारण ती पाहिली की मुलगी ‘असाच किल्ला करून दे’ म्हणते आणि स्वतःचं बांधणं थांबतं. फरशीवर आवाज खूप होतो, खाली सतरंजी हवीच.

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर बारीक नळकांड्या आणि छोटे तुकडे आधीच बाजूला काढा. अख्खा ठोकळा घशात जाण्याएवढा लहान नसतो, हे तुकडे मात्र असू शकतात.

मोठीच्या वाढदिवसाला काय घ्यावं हे विचारणाऱ्यांना मी आता एकच सांगते: नवीन खेळणं नको, याच मापाचे आणखी अख्खे आणि दुप्पट लांबीचे ठोकळे द्या. सुटे मिळत असतील तर फारच छान.