"आठ जीबीच आहे ना ताई?" दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपची रॅम बदलली

मार्चएंडच्या तोंडावर माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. मी नाशिकला इंदिरानगरात घरूनच टॅलीचं काम करते. सात-आठ दुकानदारांचे हिशेब, त्यांचा जीएसटी, सगळं २०१९ साली घेतलेल्या या एका मशीनवर. शालिमारकडच्या एका दुकानात तो दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, अठराशे रुपये घेतले. बिजागरी उत्तम बसवली होती, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून निळा स्क्रीन यायला लागला. एन्ट्री करता करता मशीन बंद, वर 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहिलेलं. शेवटी एका गिऱ्हाइकाचा टॅलीचा डेटाच खराब झाला आणि त्याची अख्ख्या फेब्रुवारीची खरेदी मला पुन्हा टाकावी लागली. दुकानात फोन केला तर म्हणे, "विंडोज जुनं झालंय ताई, फॉरमॅट मारू, सहाशे होतील."

माझे दीर अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांनी पेनड्राइव्हवरून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे मेमरी तपासायची चाचणी, लावून ठेवली. सकाळी बघतो तर स्क्रीन चुका दाखवणाऱ्या लाल ओळींनी भरलेला. मग मागचं झाकण उघडून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ही रॅम तुमची नाही."

रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, चिप्स बसवलेली एक छोटी पट्टी; तिलाच स्टिक म्हणतात. त्यांना हे कळलं ते एका फोटोमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच यात एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) टाकली होती आणि काही काढायच्या आधी आतला फोटो घेतला होता. व्हॉट्सॲपवर तो अजून सापडला. स्टिकरवर नंबर स्वच्छ वाचता येत होता: एम४७१ए१के४३सीबी१-सीटीडी. म्हणजे सॅमसंगची ८ जीबीची, डीडीआर४ प्रकारची रॅम, २६६६ वेगाची. आता बसवलेल्या स्टिकवर स्टिकर होता भलताच.

आम्ही दोघं दुकानात गेलो. त्या माणसाने शांतपणे सीपीयू-झेड हे मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, त्यातला एसपीडीचा टॅब दाखवला. "८ जीबीच आहे ना ताई? सॅमसंग, २६६६. अजून काय पाहिजे?" स्क्रीनवर खरंच सॅमसंग लिहिलं होतं. माझं तोंडच बंद झालं.

नेमकं इथेच माणूस फसतो, म्हणून हे नीट सांगते. सीपीयू-झेड काळ्या चिप्सना काही विचारत नाही. प्रत्येक स्टिकवर एक इवलीशी वेगळी चिप असते, एसपीडीची. डीडीआर४ मध्ये तिच्यात ५१२ बाइट माहिती मावते: कोणाची चिप, किती वेग, कोणता नंबर. सॉफ्टवेअर तेवढंच वाचून दाखवतं. आणि ती माहिती पुसून नवी लिहिता येते.

भाऊजींनी तिथेच स्क्रू ड्रायव्हर मागितला, स्टिक काढली आणि उलटी केली. मागच्या बाजूला स्टिकर नसतो, चार चिप्स उघड्या दिसतात. दोन चिप्सवर एक नंबर, उरलेल्या दोनवर दुसराच. पृष्ठभाग घासल्यासारखा खरबरीत, अक्षरं फिकट. कंपनीच्या अशा स्टिकवर दोन्ही बाजूंच्या मिळून आठही चिप्स एकाच जातीच्या असतात. माझ्या मूळ स्टिकवरचा चिपचा नंबर के४ए८जी०८५डब्ल्यूसी असा होता. के४ए म्हणजे सॅमसंगची डीडीआर४, ८जी म्हणजे एका चिपमध्ये ८ गिगाबिट. अशा आठ चिप्स, ६४ गिगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ८ जीबी. शेवटी बीसीटीडी असेल तर २६६६, बीसीआरसी असेल तर २४००. हायनिक्सच्या डीडीआर४ चिपचा नंबर एच५एएनने सुरू होतो. मायक्रॉनच्या चिपवर डी९ने सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड असतो, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकला की पूर्ण नंबर मिळतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं वाचता येतात.

एवढं दाखवूनही उत्तर एकच, "तुम्ही आणला तेव्हा हेच होतं." माझ्या पावतीवर लॅपटॉपची कंपनी आणि 'बिजागरी' एवढंच लिहिलेलं. फोटो दोन वर्षांपूर्वीचा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, त्यांनी कागदपत्रं मागितली, ती दिली. अजून पुढे काही नाही. काम थांबवता येत नव्हतं, म्हणून नवी स्टिक घेतली, काउंटरवरच उलटी करून चारही चिप्स वाचून.

परवा पुतणीच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बदलायचा होता. आधी घरी झाकण उघडून रॅमच्या दोन्ही बाजूंचे आणि एसएसडीचे फोटो घेतले. पहिल्या दुकानात जॉबकार्डवर रॅमचा नंबर लिहा म्हटलं तर, "एवढं कोण लिहितं मॅडम?" लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाहेर पडले. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने फोटोत बघून नंबर लिहिला, शिक्का मारला, खाली सही केली. लॅपटॉप तिथे ठेवला.