टीसीएफ कॅनडा: नऊ गुण आणि एकदाच वाजणारी फीत

टीसीएफ कॅनडा ही कॅनडाच्या इमिग्रेशनसाठीची फ्रेंचची परीक्षा: ऐकणं, वाचन, लेखन आणि तोंडी असे चार भाग. मला ऐकण्यात 449. हवे होते 458. बाकी तिन्ही भागांत एनसीएलसी (फ्रेंचची कॅनडातली पातळी) 7 किंवा त्याच्या वर, तरी नऊ गुणांपायी चारही भाग पुन्हा आणि फीही पुन्हा पूर्ण. एकच भाग सुधारून घ्यायची सोय नाही, दोन वेळचे निकाल जोडून इमिग्रेशनला देता येत नाहीत. ह्या नियमाचा राग मला अजून आहे.

फ्रेंच कशासाठी, हे एक्स्प्रेस एन्ट्रीवाल्यांना, म्हणजे गुणांच्या यादीतून कॅनडात जाऊ पाहणाऱ्यांना, ठाऊकच आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये फ्रेंचच्या ड्रॉचा, म्हणजे फ्रेंच येणाऱ्यांना बोलावण्याच्या फेरीचा, कटऑफ 336 पर्यंत उतरला होता. मार्च 2025 मध्ये 379 ला साडेसात हजार जणांना बोलावणं गेलं आणि त्याच महिन्यात जॉब ऑफरचे गुण बंद झाले. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत 7 आणि इंग्रजीत किमान 5 असेल तर जादा 50 गुण मिळतात. 'डेल्फ देऊन टाक, आयुष्यभर चालतं' असा सल्ला मला तिघाचौघांनी दिला. डेल्फ हे फ्रेंचचं प्रमाणपत्र, पण एक्स्प्रेस एन्ट्रीला ते चालत नाही. टीईएफ कॅनडा (अशीच दुसरी परीक्षा) किंवा टीसीएफ कॅनडाच लागते, आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात.

आता ऐकण्याबद्दल. 39 प्रश्न, 35 मिनिटं, प्रत्येक फीत एकदाच. सुरुवातीला चित्रं आणि साधे संवाद, शेवटी मुलाखती आणि चर्चा, आणि जास्त गुण ह्या शेवटच्या प्रश्नांना. तिकिटाची किंमत 'कात्र-वँ-दी-सेत' अशी कानावर येते. चार वीसा ऐंशी अधिक सतरा म्हणजे सत्त्याण्णव, हे जुळेपर्यंत फितीतल्या बाईंनी गाडीची वेळही सांगून टाकलेली असते. 'लेझाँफाँ' (les enfants) हे कागदावर पाहिलं तर दोन सरळ शब्द, त्यातली 'मुलं' लगेच दिसतात. कानाला ती सापडायला मला कित्येक आठवडे लागले. वाचनात 60 मिनिटं मिळतात, तिथे मागे जाऊन पुन्हा बघता येतं. इथे गेलं ते गेलं.

आणि नेमकी ह्याच भागाची तयारी क्लासमध्ये होत नाही. मी ज्या क्लासला पैसे भरले (नाव देत नाही) तिथे महिनोन्‌महिने सुब्जाँक्तिफ (क्रियापदाचं एक रूप) घोटून घेतलं. ऐकण्याचा सराव म्हणजे तीच फीत तीनदा लावायची आणि मग छापील मजकूर वाटायचा. उरलेली फी परत मागितली तर 'पुढच्या बॅचला बसा' म्हणाले. घाम गाळून कमावलेले पैसे होते ते.

निकालानंतर मी भेटेल त्याला टीईएफ द्यायला सांगत होते. ते मत आता बदललंय. टीसीएफचं लेखन मला खरोखर आवडलं. तिसऱ्या प्रश्नात एकाच विषयावरची दोन उलट मतं देतात. ती 40 ते 60 शब्दांत मांडायची आणि मग 80 ते 120 शब्दांत आपली बाजू. भाषा येते की नाही, हे त्यात लपत नाही. तोंडी परीक्षा 12 मिनिटांची, तीन भागांत. टीईएफमध्ये 15 मिनिटं बोलायचं असतं: आधी जाहिरात वाचून फोनवर चौकशी करायची, मग मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची. बोलघेवड्या माणसाला टीईएफ सोपी जाईल. मला टीसीएफच बरी.

ऐकणं सुधारलं ते फुकटात. आरएफआय ह्या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज स्वयंपाक करताना लावलं, आणि टीव्ही5मोंद ह्या फ्रेंच वाहिनीच्या साइटवरच्या टीसीएफच्या सराव चाचण्या सोडवल्या. फीत एकदाच ऐकायची, उत्तर द्यायचं, पुढे जायचं, ही शिस्त मोडायची नाही. चुकलेल्या फिती रात्री मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकायच्या. व्याकरणाची वही ह्या काळात मी उघडलीही नाही.

पुढच्या निकालात ऐकण्यात 476 आले. लेखन मात्र (त्याची मोजपट्टी वेगळी) 12 वरून 10 वर घसरलं, आणि एनसीएलसी 7 साठी 10 च लागतात. 9 आले असते तर ऐकण्यातले 476 वाया जाऊन चारही भागांची फी तिसऱ्यांदा भरावी लागली असती. म्हणून सांगते, घरच्या चाचणीत ऐकण्याचे गुण पुन्हा पुन्हा 500 च्या आसपास येईपर्यंत तारीख घेऊ नका. 458 च्या काठावर असताना कुणी स्लॉट मिळतोय म्हणून घाई केली तरी ऐकू नका.