ऐंशीची एक्क्याण्णव करावी, की एक्क्याण्णवच घ्यावी?

दारात जुनी सीजे ३बी जीप उभी आहे, पुढच्या-मागच्या चाकांत ऐंशी इंच अंतर (व्हीलबेस) असलेली. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर चार माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागतो. आणि कुणीतरी कानात सांगितलंय की चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कापून अकरा इंच वाढवली की लांब बॉडी आरामात बसते. गाडं इथवर आलं असेल तर पुढचं वाचा. मी दोन्ही करून बसलोय. १९९६ मध्ये घरची ८० इंची जीप कापून लांब केली, नऊ वर्षं चालवली, आणि २००५ पासून माझ्याकडे कंपनीतूनच ९१ इंची आलेली महिंद्राची एमएम ५४० आहे. माझा कल लपणार नाही, पण दोघींनाही न्याय द्यायचा प्रयत्न करतो.

एक तिसरा स्वस्त मार्गही असतो, तो आधी निकालात काढू. चाकं आहेत तिथंच ठेवायची आणि बॉडी नुसती मागं वाढवायची, म्हणजे गाडीला शेपूट काढायचं. माणसं आणि पोती सगळी मागच्या ॲक्सलच्या मागं जातात, घाटात चढाला नाक हलकं होतं, स्टीअरिंग एका बोटानं फिरतं आणि गाडी मात्र सरळच जाते. मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीनं १९५५ मध्ये सीजे-५ वरून लांब सीजे-६ केली तेव्हा वाढवलेले २० इंच पुढची सीट आणि मागचं चाक यांच्या मध्ये घातले होते, चाकामागं नाही. शेपटाबद्दल याहून जास्त बोलायला नको.

आता कापून वाढवलेलीबद्दल. तिचा सगळ्यात मोठा गुण असा की ती तुमचीच गाडी राहते. तोच नंबर, तेच उंच बॉनेट, वडिलांनी डॅशबोर्डला डकवलेला तोच गणपती. आमच्या मिस्त्रीनं काम चोख केलं होतं, हे कबूल करायलाच हवं. चॅसिसचा लांब लोखंडी चॅनल सरळ उभा न कापता तिरका कापला, आतून जोडचॅनल बसवला, दोन्ही बाजूंचे जोड एकाच रेषेत येऊ दिले नाहीत. नऊ वर्षांत त्या जोडाला केसाएवढी चीर गेली नाही. ब्रेकचा पाईप, वायरिंग, बॉडी हे सगळं आठवड्या-दोन आठवड्यांचं काम. आई मागं बसायला लागली ती तेव्हापासून, कारण पाय पसरता यायला लागले.

पण थरथर.

ताशी ५० पर्यंत काही नाही. काटा ५५ कडे सरकला की जमिनीखालून एक गुणगुण सुरू व्हायची, मग ती सीटच्या नळ्यांत यायची, मग गिअरच्या दांड्यात. मागचा आरसा इतका हलायचा की त्यात एका एसटीच्या दोन एसट्या दिसायच्या. ६५ च्या पुढं गेलं की पुन्हा शांत, पण भोर-पुणे रस्त्यावर तेव्हा ६५ वर सलग कोण चालवणार? नेमकं जिथं गाडी रमायची तिथंच ती दळायला बसायची. आई म्हणायची, "पीठ घ्यायला डबा आणायला हवा होता."

कारण उघड वाटत होतं. व्हीलबेस वाढला की मागच्या चाकांना ताकद पोचवणारा फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टही, तेवढाच लांबवावा लागतो. आमचा लेथवर कापून, मध्ये नळी घालून जोडला होता. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे काटे) एका रेषेत होते, ते मी स्वतः पाहिलं. पुण्याला नेऊन बॅलन्स करून आणला, तर दोन महिने बरं वाटलं आणि परत तेच. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस तर इतक्या वेळा बदलले की एक जोड कायम डिकीत असायचा. एकदा वरंध घाटात क्रॉस तुटला तेव्हा एक नवीन गोष्ट कळली. या जिपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो. म्हणजे तो मागच्या चाकांना धरतो तो प्रॉपेलरमार्फत. प्रॉपेलर गेला की हँडब्रेकही गेला. मी ओढून खाली उतरलो आणि गाडी सावकाश मागं निघाली. भावानं चाकाखाली दगड टाकला म्हणून बरं.

शेवटी एका रविवारी अंगणात गाडी जॅकवर घेऊन दोरी लावली. गवंडी पायाची आखणी करताना कर्ण मोजतात, तसंच पुढच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पिनेपासून मागच्या पिनेपर्यंत तिरकं मोजलं, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. तीन सूत फरक. म्हणजे मागचा ॲक्सल एका बाजूला जरासा मागं बसला होता. थरथर त्याचीच होती असं छातीठोकपणे सांगणार नाही, कदाचित इतरही काही असेल. पण जमिनीवर चॅसिस ठेवून कापताना सूतभर सरकतं, आणि ते कारखान्यात चॅसिस घट्ट धरणाऱ्या साच्यावर, जिगवर, सरकत नाही, एवढं मला त्या दिवशी पटलं.

एमएम ५४० मी एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. दोन्ही ९१ इंचीच, म्हणून फरक लगेच जाणवला असं म्हणायला हरकत नाही. हिचाही प्रॉपेलर लांब, पण ५५ ला आरसा आरशासारखा राहतो. लांब शाफ्टला कोन कमी पडतो, त्यामुळं ती मुळात निवांतच चालायला हवी, आमचीच चालत नव्हती.

तोटे आहेत. शेताचा बांध ओलांडताना ८० इंची शेळीसारखी उडी मारून जाते, हिचं पोट घासतं. वाड्याच्या दरवाजातून आत घ्यायला एकदा मागं-पुढं करावंच लागतं. आणि वडिलांचा गणपती तिच्या डॅशबोर्डवर नेऊन बसवला तरी तो पाहुण्यासारखा दिसतो. लांबीच्या बाजूनं एवढं सांगतो की १९८५ मध्ये मारुतीनं जिप्सी आणली तेव्हा सुझुकीची तोकडी २०३० मिलिमीटरवाली आणलीच नाही, २३७५ मिलिमीटरची लांबच आणली. आपल्याकडे गाडीत माणसं किती बसतात हे त्यांनाही कळलं होतं.

कागदांचं मात्र नीट ऐका. मी १९९६ मध्ये केलं तेव्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी घेऊन बदल करता येत होता, आणि मी ती घेतली होती. २००० च्या दुरुस्तीनंतर कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं काही करायला बंदी आली. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलमही आलं. आरसी बुकात व्हीलबेस लिहिलेला असतो. अपघात झाला आणि विम्याच्या माणसानं टेप काढली, तर तुमचा चोख जोड कुणी पाहत बसणार नाही.

म्हणून आज मला विचाराल तर वडिलांची ८० इंची आहे तशीच ठेवा, आणि लांबी खरंच हवी असेल तर मूळची लांब, तिच्या स्वतःच्या कागदांसकट घ्या. एमएम ५४० सापडते, सीजे ४ए नशिबानं. बघायला जाताना टेप न्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सात फूट सात इंच भरायला हवं. मग खाली वाकून चॅनलवर हात फिरवा, कारण बाजारात फिरणाऱ्या कित्येक "ओरिजिनल ९१" मुळात ८० असतात. फलटणला मी एक पाहिली, रंग इतका छान की नजर हटेना, आणि दाराच्या खाली बोटाला वेल्डिंगची कड लागली.

माझी कापलेली जीप शेजारच्या गावातल्या एकानं घेतली. विकताना त्याला थरथरीचं सगळं सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत भेटला, गाडी अजून त्याच्याकडेच आहे. त्रास होतो का विचारलं, तर म्हणाला, "कसला त्रास? कांदा भरलेला असतो, पन्नासच्या वर जातंय कोण!"