फोन टेकवून पैसे देण्याचे नऊ महिने

गेले नऊ महिने मी शक्य तिथे कार्ड बाहेर न काढता फोन मशीनवर टेकवूनच पैसे दिले. वेळ वाचेल एवढीच सुरुवातीची अपेक्षा होती. ती फारशी पुरी झाली नाही, कारण फोनला आधी बोटाचा ठसा किंवा चेहरा पटावा लागतो आणि कार्डाला तेवढेही लागत नाही. खरा फायदा मला एका अडचणीमुळे कळला.

तिसऱ्या महिन्यात एक वस्तू परत करायला गेले असता काउंटरवरच्या बाईंनी पावतीवरचे शेवटचे चार आकडे माझ्या कार्डाशी ताडून पाहिले आणि हे कार्ड तुमचे नव्हेच, असे सांगितले. आकडे खरोखरच वेगळे होते. फोनमध्ये कार्ड नोंदवले की खऱ्या क्रमांकाऐवजी त्या फोनपुरता निराळा क्रमांक, म्हणजे टोकन, तयार होते; दुकानाच्या मशीनला तेच मिळते आणि दर व्यवहाराला त्यासोबत एकदाच चालणारा सांकेतिक कोड जातो, त्यामुळे दुकानाच्या नोंदी उद्या चोरीला गेल्या तरी माझा कार्ड क्रमांक त्यांत सापडणार नाही. फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे ज्या अ‍ॅपमध्ये कार्ड नोंदवलेले असते तिथे, कार्डाच्या तपशिलात टोकनाचे शेवटचे आकडे दिसतात. ते दाखवून तोच फोन पुन्हा टेकवल्यावर परतावा मिळाला. फोन बदलला की टोकनही बदलते, म्हणून मोठ्या खरेदीची परतीची मुदत संपेपर्यंत जुना फोन पुसू नये, असे मी आता ठरवले आहे.

दुसरा त्रास माझ्याच हाताने ओढवलेला होता. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी मी कव्हरच्या आत धातूची एक चकती चिकटवली होती आणि त्या दिवसापासून मशीन ढिम्म हलेना. फोन आणि मशीन ज्यांवर बोलतात त्या एनएफसी या जवळच्या जवळ चालणाऱ्या, १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा, त्यात धातू आडवा आला की संपलेच. शिवाय अँटेना कुठे आहे हेही माहीत हवे: आयफोनमध्ये ती वरच्या कडेला असते, तर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पाठीच्या मध्याकडे.

जपानमध्ये फोनने पैसे देणे २००४ पासून आहे. गूगल वॉलेट २०११ मध्ये आले, अ‍ॅपल पे २०१४ मध्ये. ही पद्धत इतकी पसरली याचे मोठे कारण मला असे वाटते की फोन मशीनपुढे कार्डाचेच सोंग घेतो, त्यामुळे जिथे कार्ड टेकवून घेणारी मशीन आधीच होती तिथे दुकानदाराला नवे काहीच बसवावे लागले नाही. यापुढचा बदल मात्र दुकानदाराच्या बाजूने येतो आहे. साधा फोनच आता पैसे घेणारे मशीन होऊ शकतो, आणि ज्यांना वेगळे मशीन परवडत नव्हते अशा छोट्या विक्रेत्यांना त्याचा उपयोग अधिक होईल. युरोपीय आयोगाच्या दबावानंतर २०२४ मध्ये अ‍ॅपलने तिथे आयफोनची एनएफसी इतरांच्या वॉलेटसाठीही खुली केली, हेही मला नव्या फीचरांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

बॅटरीचे दुखणे तेवढे कायम आहे. काही आयफोन बॅटरी उतरल्यावरही काही तास प्रवासाचे कार्ड चालवतात, पण ती सोय दुकानातल्या खरेदीला लागू नाही. एका रात्री फोन बंद पडल्याने भरलेली टोपली काउंटरवरच ठेवून मला परतावे लागले. तेव्हापासून पाकिटात एक कार्ड असतेच.